खडा आणि लाख

बाजार समितीच्या संचालक मंडळात माणसं 18. सोसायट्यांकडून 11, ग्रामपंचायतींकडून 4, आडते-व्यापाऱ्यांचे 2 आणि हमाल-तोलारांचा 1. मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात एका डाळीच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. दिवसभर हिशोब लिहितो, त्यामुळं बेरीज चुकत नाही. 18 तल्या एकाला स्वतःच्या जोरावर ठराव मंजूर करून घेता येत नाही आणि अडवताही येत नाही. तरी त्या एका जागेवरून यार्डात जेवढी भांडणं होतात तेवढी उरलेल्या 17 वरून होताना मी पाहिली नाहीत. ज्याच्याकडं वीस एकर असतात तो कोपऱ्यातला बांध सोडून देतो. ज्याच्याकडं एकच गुंठा असतो तो बांधावर अंथरूण टाकतो.

पुण्याच्या समितीवर जवळजवळ दोन दशकं प्रशासक होते, आणि मग निवडणूक झाली ती 2023च्या एप्रिलात. मी सांगतोय ती गोष्ट त्या निवडणुकीची नाही, आणि यातली माणसं शोधायला कुणी गुलटेकडीला येऊ नये. कोल्हा आणि करकोचा यांचा पत्ता कुणी विचारत नाही. तसेच हे मास्तर आणि मुकादम. कधीतरी होऊ शकेल अशा निवडणुकीची गोष्ट समजा. हमाल-तोलारांची एक संघटना आहे. तिच्यातल्या प्रत्येक टोळीनं एक नाव सुचवायचं, ज्या नावामागं जास्त टोळ्या तो उमेदवार, अशी तिची रीत. आमच्या ओळीतली टोळी जुनी. तिचं नाव जिकडं जातं तिकडं आणखी पाच-सात टोळ्या जातात, म्हणून त्या आठवड्यात टोळीला चहा फार मिळाला.

मास्तरांनी तो घेतला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तोलार. 1969चा माथाडी कायदा त्यांना तोंडपाठ, म्हणून मास्तर. कुठल्या पोत्याला किती हमाली, माथाडी बोर्डाची लेव्ही कुणी भरायची, पाठीला इजा झाली तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा, हे विचारायला सगळं यार्ड त्यांच्याकडं यायचं. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि ‘वजन जर यंत्र करतं तर तोलाई कशाची’ असा सवाल निघाला, तेव्हा तोलारांच्या पोटावरच पाय येत होता. त्या दिवसांत मास्तर फाईल काखेत मारून दारोदार फिरले. तीस वर्षांत व्यापाऱ्याचा चहा नाही, दिवाळीचा पुडा नाही. कुठल्या पक्षाचं उपरणं गळ्यात नाही. अंगरखा झटकला तर फक्त भुश्शाचे कण पडतील असा माणूस.

पण टोळी एकेकाळी तीसची होती, ती आता चौदाची. सोळा जणांना मास्तरांनी काढलं. कुणी शेठकडून उचल घेतली, कुणी बंदच्या दिवशी गुपचूप गाडी खाली केली, कुणी दुसऱ्या झेंड्याखाली भाषण ऐकायला गेला. प्रत्येक वेळी कारण खरं होतं आणि मास्तरांचं बरोबर होतं. तीसची चौदा होईपर्यंत मास्तर एकदाही चुकले नव्हते. फक्त मोठी गाडी लागली की तीस पाठींचं ओझं चौदा पाठींवर यायचं.

मुकादमाचं उलट. त्याच्याकडं सगळे. मुळशी-वेल्ह्याकडचे, मराठवाड्यातून आलेले, फळबाजारातले, कांदा-बटाट्यातले. कुणाच्या पोरीचं लग्न असो की कुणाची मयत, मुकादम पहिला हजर. तीन पक्ष फिरून आला होता आणि तिन्ही पक्षांत अजून त्याला नावानं हाक मारणारी माणसं होती. गणपतीच्या मांडवाला व्यापाऱ्यांकडून पावती फाडायचा, त्याच व्यापाऱ्यांशी हमालीच्या दरावरून कडाकडा भांडायचा, आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून घरी जायचा. उभा राहिला तर निवडून येणार, याबद्दल मास्तरांनाही शंका नव्हती.

दोघांतलं कुणाचं नाव पाठवायचं त्याची बैठक आमच्या गाळ्याच्या ओट्यावर ठरली, कारण तिथं दिवा चांगला आहे. लिहायला मी. बैठकीआधी आमच्या गाळ्याचे शेठ सहज बोलल्यासारखं बोलले, ‘दिवाणजी, व्यवहार कळणारा माणूस आला तर सगळ्यांचंच बरं, नाही?’ मी मान हलवली. ही मान हलवलेली लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध आहे.

सुरुवात मुकादमाच्या बाजूनं झाली. एकजण म्हणाला, हरणारा माणूस उभा करून चौदा मतं फुकट कशाला घालवायची? शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला किती वर्षं गेली, ते काय नुसतं बरोबर असण्यानं झालं? आतल्या माणसांशी बोलता येणारा माणूस लागतो. दुसऱ्यानं लगेच तोंड घातलं, की आत जाऊन तो 17 जणांतलाच एक झाला तर? मग आपला 1 गेला आणि त्यांचे 18 झाले. त्यापेक्षा हरू, पण नाव तरी आपलं राहील. तिसरा, सगळ्यात तरुण, म्हणाला, ‘नावावर काय भाकरी भाजायची का?’

मी मध्ये बोललो. लिहिणाऱ्यानं बोलू नये, पण बोललो. म्हटलं, हे काय आपल्याच यार्डातलं कोडं नाही. 2014च्या लोकसभेला काँग्रेसनं काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार वरून न लादता पक्षातल्या माणसांच्या मतदानानं ठरवला होता. आपल्याकडं वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत झाली, मेघे निवडले गेले. वडील खासदार, घरात साधनं, माणसं. निवडून येण्याची क्षमता म्हणतात ती हीच. पुढं काय, कुणीतरी विचारलं. मी सांगितलं, की खऱ्या निवडणुकीत रामदास तडसांनी त्यांना हरवलं, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. मास्तरांच्या बाजूचे हसले. मग मला खरं बोलणं भाग पडलं, की लातुरात असंच निवडलेले दत्तात्रय बनसोडेही हरले. त्या लाटेत कुणीही उभं राहिलं असतं तरी हरलं असतं. म्हणजे वर्ध्याच्या गोष्टीवरून निवडून येणारा निवडू नये असं निघत नाही, आणि लातूरच्या गोष्टीवरून काहीच निघत नाही.

‘मग सांगितलं कशाला?’ तरुण पोरगा म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

नाना तोवर गप्प होते. नाना ऐंशीच्या घरातले, काम सोडून जमाना झाला, पण बैठकीला येतात. त्यांचे वडील भवानी पेठेत पोती वाहायचे, बाजार गुलटेकडीला यायच्या कितीतरी आधी. नानांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यातच संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तिच्यात कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आणि पुढं 1957च्या निवडणुकीत जनसंघही बरोबर होता. एकमेकांच्या ताटात न जेवणारी माणसं एका झेंड्याखाली आली. पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेवर गेले. 1 मे 1960 ला राज्य झालं, आणि समितीची मोळी हळूहळू सुटत गेली.

‘तवा कुणी कुणाला शुद्ध हाय का विचारलं न्हाई,’ नाना म्हणाले, ‘काय पायजे तेवढंच विचारलं. मुंबईसकट महाराष्ट्र. एक वाक्य. एका वाक्यावर जी माणसं जमतात त्यांची बाकीची पुस्तकं बघत बसायची नसतात.’

‘मग मुकादमच म्हणा की,’ कुणीतरी म्हणालं.

‘मी कुठं म्हणलो?’ नाना चिडले. ‘त्यांच्याकडं एक वाक्य होतं. तुमचं कोणतं, ते सांगा की.’

कुणालाच सांगता येईना. मी वहीत ‘एक वाक्य’ असं लिहून पुढं मोकळी जागा सोडली. ती अजून मोकळी आहे.

मग माथाडींचे दोन मोठे आठवले, ते हमालांच्या बैठकीत आठवतातच. मुंबईचे अण्णासाहेब पाटील आणि पुण्याचे बाबा आढाव. दोघांनी एकाच पाठीचा प्रश्न हाती घेतला. अण्णासाहेब सत्ताधारी काँग्रेसकडून विधान परिषदेत गेले; आत बसून मागायचं, हा त्यांचा मार्ग. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी 22 मार्च 1982 ला त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. बाबा आयुष्यभर समाजवादी चळवळीत राहिले, हमाल पंचायत बांधली, कष्टाची भाकर ही स्वस्त जेवणाची केंद्रं चालवली, आणि सत्तेत कुणीही असो, दारावर धडका देत राहिले. यातला कोणता मार्ग बरोबर? मास्तर म्हणाले, दुसरा. मुकादमाचा माणूस म्हणाला, 1969चा कायदा विधिमंडळात हात वर केल्याशिवाय झाला का? मास्तर म्हणाले, रस्त्यावर माणसं बसली नसती तर हात वर झाले असते का? दोघंही खरं बोलत होते आणि बैठक तिथंच अडकली. अर्धा तास. मी वहीच्या समासात गोण्या काढत बसलो.

मावशी कोपऱ्यात तूरडाळ निवडत होती. आमच्या गाळ्यावर ती रोजानं येते. माहेर भंडाऱ्याकडचं. हमालाचा परवाना तिच्याकडं नाही, म्हणून या सगळ्या प्रकरणात तिला मत नाही, आणि बैठकीला ती बोलावलेलीही नव्हती. फक्त दिवा तिथंच असल्यानं तिचं काम तिथं चाललं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

‘मी इचारू का जी एक? तुम्ही एवढ्या वेळचे निवडून राहिले, पण काय काढून राहिले ते सांगा ना.’

‘म्हंजे?’

तिनं सुपातून एक खडा उचलला. ‘हे पाहा. खडा. दाताखाली आला तर कळते. शिवी द्याची, थुकाची, पुढचा घास घ्याचा.’ मग बराच वेळ शोधून एक डाळीचा दाणा उचलून नानांच्या तळहातावर ठेवला. ‘अन् हे?’

नानांनी दिव्याकडं धरला. ‘तूरडाळच की.’

‘लाखोरी. तुम्ही लाख म्हणता. नीट पाहा, एका अंगानं तिरपी उतरली हाय, चौकोनी दिसते. तूर अशी नाही राहत. आमच्याकडं हे पिकते. शिजते, चवीले लागत नाही काही. पण गरिबानं रोज रोज हेच खाल्लं तं पाय जातेत.’

हे मात्र मला माहीत होतं. डाळीच्या धंद्यात असून माहीत नसेल तर दिवाणजी कसला. लाखेची डाळ सतत आणि भरपूर खाल्ली तर पाय लुळे पडतात. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, ती यासाठीच. तुरीत आणि हरभऱ्याच्या डाळीत ती मिसळायची लबाडी जुनी, कारण दिसायला जवळ आणि भावाला स्वस्त.

‘खडा दाताले कळते,’ मावशी म्हणाली, ‘अन् लाख पायाले. तवा उशीर झाला राहते. तुम्ही मघापासून खडेच मोजून राहिले. त्यानं पक्ष बदलला, त्यानं चहा घेतला, तो कोणाच्या गाडीत बसला. लाख कोणाच्यात हाय ते कोणी बोलत नाही. काहून?’

ओट्यावर असं शांत झालं, की बाहेर उभ्या ट्रकचं इंजिन गार होताना टिकटिकत होतं तेही ऐकू आलं. आणि मग त्या सगळ्यात तरुण पोरानं, मुकादमाच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यानं, खाली बघत सांगितलं. मुकादमाकडं बोर्डात नाव असलेली माणसं आहेत, त्यातली बरीच गावी असतात. त्यांच्या नावावर बदलीची पोरं काम करतात. हजेरी एकाची, पोतं दुसऱ्याच्या पाठीवर. पगार नाव असलेल्याच्या खात्यात, त्यातला काही भाग मुकादमाला, उरलेला पोराला. भविष्यनिर्वाह निधी नाव असलेल्याचा. गेल्या पावसाळ्यात थप्पीवरून पडून ज्याचा पाय मोडला तो पोरगा अशाच एका नावावर होता, म्हणून कागदावर तो पडलाच नाही.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मलाही माहीत होतं. मी ते ‘मुकादमाचे काही व्यवहार’ या सदरात टाकून ठेवलं होतं, गणपतीच्या पावतीच्या शेजारी. आपण माणूस तोलताना सगळी पापं एका पारड्यात टाकतो आणि वजन करतो. पण शंभर खडे आणि एक मूठ लाख यांचं वजन करून काय कळणार? खडे जड भरतात. म्हणून खड्यांवर चर्चा होते.

मास्तरांचा चेहरा खुलला होता. ते बोलायला उठणार एवढ्यात नाना म्हणाले, ‘तू बस. तुझ्यात लाख न्हाई, कबूल. खडासुदीक न्हाई. पण मास्तर, सुपात दाणा किती उरलाय बघितलंस का? पाखडता पाखडता तू दाणाबी उडवून दिलास. तीसातलं चौदा. ते सोळा कुठं हायेत आज?’

मास्तर म्हणाले, ‘त्यांनी चूक केली होती.’

‘खड्याची का लाखेची?’

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. निर्णय तीन दिवस पुढं ढकलला. नानांनी दोघांना एकेक काम सांगितलं, म्हणजे सांगितलं कसलं, टाकलं. मुकादमाला निरोप गेला, की बदलीच्या पोरांची नावं बोर्डात लावायचे अर्ज तीन दिवसांत दे आणि ज्याचा पाय मोडला त्याचं काय ते बघ. मास्तरांना सांगितलं, की त्या सोळांपैकी ज्याला काढल्याचं तुला सगळ्यात बरोबर वाटतं, त्याच्याकडं जाऊन ये. काय बोलायचं ते तुझं तू बघ.

मुकादमाचं उत्तर त्याच रात्री आलं, हसतखेळत. ‘नानांना सांगा, निवडून आल्यावर पहिलं काम हेच. आत्ता अर्ज दिले तर ज्यांची नावं आहेत ती माणसं बिथरतील, आणि त्यांचीच तर मतं आहेत.’ यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे विशेष. जिंकण्याचं गणित त्यानं अचूक मांडलं होतं. ज्या कामासाठी जिंकायचं ते केल्यानं जिंकणं जाणार होतं, एवढंच त्यात अडचणीचं होतं. शेठनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘काय ठरतंय?’ मी पहिल्यांदाच मान हलवली नाही. सांगायला कारण हे, की बैठकीत मी वर्ध्याची गोष्ट काढली तेव्हा मला मुळात मुकादमाची बाजू मांडायची होती. माझ्या तागडीला पासंग आधीपासून लागलेला होता, आणि तो शेठच्या हातचा होता. रिकामी तागडी एकदा उचलून बघावी, हे मला तोलारांच्या शेजारी वीस वर्षं बसून सुचलं नव्हतं.

मास्तर दुसऱ्या रात्री फळबाजारात गेले. ज्याला काढल्याचं त्यांना सगळ्यात बरोबर वाटत होतं तो अकरा वर्षांपूर्वीचा माणूस, पोरीच्या लग्नासाठी शेठकडून उचल घेतलेला. उचल घेतलेला हमाल दर वाढवून मागत नाही, हे मास्तरांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच आहे. कलिंगडाच्या गाड्या लागल्या होत्या. मास्तर गाडीजवळ जाऊन उभे राहिले. तो माणूस वर होता, त्यानं ओळख दाखवली नाही. कलिंगडं हातोहात खाली उतरवतात, माणसांची साखळी असते, एकानं फेकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. साखळीत एक माणूस कमी होता. मास्तर त्या जागी उभे राहिले.

हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. मास्तर स्वतः काही सांगत नाहीत. म्हणतात पहिली दोन कलिंगडं त्यांच्या हातून फुटली. तोलाराचे हात, झेलायची सवय नाही. कुणी हसलं नाही. गाडी संपेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. मग बिडी पेटवताना तो म्हणाला, ‘मास्तर, ती उचल मी फेडली. सव्वा वर्ष लागलं. तुमाला सांगायला यायचं व्हतं, पण तुमी बोलला नसता.’

मास्तर पहाटेपर्यंत तिथंच बसले. त्यांना तिथं जे दिसलं ते एवढंच, की गाडी आली की माणसं आधी त्याच्याकडं बघतात. वाराईवरून, म्हणजे गाडी खाली करायच्या मजुरीवरून, ड्रायव्हरशी वाद झाला की त्याला बोलावतात. एकजण आजारी होता, त्याच्या वाट्याचे पैसे साखळीतल्या सगळ्यांनी बाजूला काढले, ते ठेवायला त्याच्याकडं दिले. तो कुठल्याही टोळीचा मुकादम नव्हता. मास्तरांनी काढल्यापासून तो कशाचाच काही नव्हता.

तिसऱ्या दिवशी बैठक भरली. सगळ्यांना वाटलं, आता मास्तरांचं नाव जाणार, दुसरं राहिलंच कोण? मी वहीत नाव लिहायला सुरुवातही केली. मास्तर म्हणाले, ‘थांबा दिवाणजी,’ आणि त्या फळबाजारातल्या माणसाचं नाव सांगितलं.

गडबड उडाली. एकजण ओरडला, ‘त्याला तर तुम्हीच काढलावता!’

‘हो. काढायला नको होतं असं अजून म्हणत नाही,’ मास्तर म्हणाले. ‘त्याच्यात खडे आहेत. दारूचा आहे थोडा. रागीट आहे. गेल्या निवडणुकीत पैसे घेऊन मत दिलं, मला स्वतः सांगितलं त्यानं. मी रात्रभर बसून मोजलेत. लाख सापडली नाही.’

‘निवडून येईल का?’ तरुण पोरानं विचारलं.

‘माझ्यापेक्षा बरा पडेल,’ मास्तर म्हणाले. ‘मुकादमापेक्षा नाही.’

हे मला आवडलं. खोटी आशा त्यांनी दिली नाही. हात वर झाले ते नऊ आणि पाच. पाच जण शेवटपर्यंत मुकादमाचे राहिले, आणि त्यांचं म्हणणं मी वहीत लिहिलं आहे: हरलो तर बदलीच्या पोरांना कोण बघणार? प्रश्न वाईट नाही. नऊ जणांकडं त्याचं उत्तर नव्हतं. त्यांच्याकडं एवढंच होतं, की जिंकलो तरी कोण बघणार ते आता माहीत आहे.

पुढं बाकीच्या टोळ्यांनी काय केलं, कुणाला किती पडली, हे सांगत बसत नाही. गोष्ट नाव पाठवण्याची होती, नाव गेलं. संध्याकाळी तो माणूस आमच्या ओट्यावर आला, नव्या धुतलेल्या सदऱ्यात, अवघडलेला. नानांच्या पाया पडला. मास्तरांशी काय बोलावं ते दोघांनाही कळेना. शेवटी मास्तरांनी त्याला चहा मागवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गाळ्याचा अर्धा कप स्वतःही घेतला. पैसे मात्र लगेच मोजून माझ्या गल्ल्यात टाकले.

मावशी कोपऱ्यात होतीच. तिनं सूप न थांबवता विचारलं, ‘आमच्या निवडणाऱ्या बायांच्या परवान्याचं काय जी? बोर्डात आमचं नाव लागल का?’

तो गडबडला. डोक्यावरून हात फिरवला. ‘बघतो मावशी,’ म्हणाला, ‘एकदा आत तर जाऊ द्या.’

मावशीनं सुपातून काहीतरी उचललं. दिव्याकडं धरलं, फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं. मी वही मिटता मिटता थांबलो, की आता ती काय म्हणते. ती काही म्हणाली नाही. फेकलं नाही, परत सुपातही टाकलं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं आणि पुढची मूठ पसरली.